नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडून पहिल्या हंगामात किती अपेक्षा ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि आपण दोघे तिथल्या कॉलेज फुटबॉल (अर्थात अमेरिकन फुटबॉल) संघाचे सामने नियमाने पाहता. गेल्या हंगामात संघाची सरासरी सामन्यामागे १९ गुण होती. आता नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चेंडू पुढे नेऊन गुण मिळवणाऱ्या बाजूची (ऑफेन्सची) आखणी करणारा सहायक प्रशिक्षक, आला आहे, त्याच्या आधीच्या संघाची सरासरी ३८ होती, आणि मुलाचे मित्र यंदा ३५ गुण तरी होतीलच असे धरून चालले आहेत. पहिल्या वर्षी खरोखर किती अपेक्षा ठेवावी आणि किती सामन्यांनंतर मत बनवावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली चौदा वर्षे इथल्या एका हायस्कूल संघाच्या ऑफेन्सचे काम पाहतो. त्याआधी चार वर्षे एका लहान कॉलेजच्या संघासाठी सामन्यांचे चित्रीकरण पाहून प्रत्येक प्लेची (आखून खेळलेल्या चालीची) नोंद करणे हे माझे काम होते. ज्या संघांबरोबर मी काम केले त्यांत तीनदा कोऑर्डिनेटर बदलला, आणि त्यांपैकी एकदा नवा कोऑर्डिनेटर मीच होतो, म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत.

‘किती गुण होतील’ या प्रश्नाच्या आधी, माझ्या मते, दुसरा एक प्रश्न सोडवायला हवा: गेल्या वर्षी १९ गुणच का झाले, आणि त्यामागच्या कारणांपैकी कोणती या एका माणसाच्या हातात आहेत? आपला संघ मी पाहिलेला नाही, म्हणून याचे नेमके उत्तर मी देऊ शकत नाही. मात्र ते कसे शोधायचे हे नक्की सांगू शकतो.

आधी साधा हिशेब करू. एका सामन्यात एका संघाला साधारण बारा वेळा चेंडू घेऊन पुढे जाण्याची संधी मिळते, म्हणजे बारा ड्राइव्ह. त्या बारांतून दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे, बहुधा सात गुण) आणि एक-दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणे, तीन गुण) झाले की १९ च्या आसपास गुण होतात. ३८ गुणांसाठी तेवढ्याच बारांतून पाच टचडाउन आणि वर एक फील्ड गोल हवा. म्हणजे आपल्या मुलाचे मित्र, गेल्या वर्षी पंट होऊन (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन) संपलेल्या ड्राइव्हपैकी जवळजवळ तीन, दर सामन्यात, टचडाउनपर्यंत पोहोचतील असे गृहीत धरत आहेत. चार प्रयत्नांत (प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन) दहा यार्ड पुढे गेले की नवे चार प्रयत्न मिळतात, म्हणजे फर्स्ट डाउन मिळतो. शिवाय २०२३ पासून कॉलेजमध्ये फर्स्ट डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही (दोन्ही अर्धांतील शेवटची दोन मिनिटे सोडून), त्यामुळे प्लेची संख्या आधीपेक्षा थोडी कमीच झाली आहे. क्रिकेटमध्ये किती षटकांत किती धावा झाल्या हे विचारल्याशिवाय आपण धावसंख्येवर बोलत नाही. इथेही दर ड्राइव्हमागे किती गुण झाले हे पाहिल्याशिवाय सरासरीवर बोलू नये.

आता त्याच्या आधीच्या संघाच्या ३८ गुणांकडे येऊ, कारण चाहत्यांच्या अपेक्षा बहुधा तिथूनच जन्म घेतात. २०२२ मध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाच्या ऑफेन्सने गुणांचा पाऊस पाडला आणि संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला. कोऑर्डिनेटर गॅरेट रायली यांना वर्षातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला आणि क्लेमसन विद्यापीठाने त्यांना लगेच बोलावून घेतले. त्या वेळी फार कमी लोकांनी लक्षात घेतले की त्या संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा आणि ऑफेन्स चालवणारा खेळाडू) मॅक्स डगन हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या पसंतीचा नव्हता; पहिल्या सामन्यात चँडलर मॉरिस जखमी झाला म्हणून डगन मैदानात आला, आणि पुढे वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. शिवाय हेड कोच सनी डाइक्स स्वतः याच शैलीच्या ऑफेन्ससाठी ओळखले जातात. रायली क्लेमसनला गेले ते एकटेच. डगन, डाइक्स आणि ती लाइन (समोरच्यांना अडवणारे पुढचे पाच जण) त्यांच्याबरोबर नव्हती. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात ड्यूकने क्लेमसनला २८-७ ने हरवले. त्या रात्री क्लेमसनने ४०० यार्डांहून अधिक मजल मारली होती, पण गोलरेषेजवळ चेंडू गमावला आणि फील्ड गोलचे प्रयत्न फसले. तो हंगाम ९-४ असा संपला आणि २०११ पासून दरवर्षी किमान दहा विजय मिळवण्याची परंपरा तुटली. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, तोच संघ एसीसी या आपल्या विद्यापीठगटाचा विजेता ठरून प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, गेला. म्हणून मी पहिल्या सामन्याच्या गुणफलकावरून मत बनवत नाही.

चाहत्यांच्या मनात बसलेले दुसरे उदाहरण म्हणजे २०१९ चे लुइझियाना स्टेट विद्यापीठ. जो ब्रेडी आले, क्वार्टरबॅक जो बरोचे टचडाउन पास एका वर्षात १६ वरून ६० वर गेले, संघ १५-० राहिला. तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाच्या चाहत्यांना आपला ‘जो ब्रेडी’ हवा आहे. पण ब्रेडी यांचे पद पासिंग गेम कोऑर्डिनेटरचे होते. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर २०१८ मध्येही होते आणि २०१९ मध्येही. सोबत जस्टिन जेफरसन आणि जमार चेस यांच्यासारखे रिसीव्हर (पास झेलणारे) होते. २०२० मध्ये ब्रेडी, बरो आणि जेफरसन गेले, चेसने तो हंगाम खेळायचा नाही असे ठरवले, आणि संघ ५-५ वर आला. ब्रेडी यांचे श्रेय मी कमी करत नाही, पण ते श्रेय वेगळे काढून दुसऱ्या गावी नेता येत नाही एवढे मात्र खरे.

आता मी ज्या उदाहरणाकडे वारंवार परत जातो त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या संघाची परिस्थिती त्याच्याशी सर्वांत जवळची वाटते. ते उदाहरण म्हणजे आयोवा विद्यापीठ. कर्क फेरेन्झ तिथे १९९९ पासून हेड कोच आहेत आणि २०२३ पर्यंत त्यांचे चिरंजीव ब्रायन फेरेन्झ ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. २०२२ च्या पहिल्या सामन्यात आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ ने हरवले, आणि ते सात गुण एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे रोखल्याचे प्रत्येकी दोन गुण) असे जमले. टचडाउन एकही नव्हता. त्या हंगामात सरासरी १८ च्याही खाली राहिली. २०२३ साठी ब्रायन यांच्या करारात अट घातली गेली की संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण करावेत आणि किमान सात सामने जिंकावेत. डिफेन्सने (बचाव करणाऱ्या बाजूने) आणि स्पेशल टीम्सने (पंट, फील्ड गोल अशा वेळी उतरणाऱ्या खेळाडूंनी) केलेले गुणही त्यात धरले जाणार होते. चाहत्यांनी १३ सामन्यांचे ३२५ गुण असा हिशेब मांडला आणि दर शनिवारी त्याची मोजणी सुरू झाली.

प्रत्यक्षात १४ सामन्यांत २१६ गुण झाले, म्हणजे १५.४ ची सरासरी. तीन सामन्यांत एकही गुण झाला नाही. पंटर टोरी टेलरने ९३ पंट केले, त्यांचे एकूण ४,४७९ यार्ड हा कॉलेज फुटबॉलमधील विक्रम ठरला, आणि आयोवाच्या किनिक स्टेडियममधले प्रेक्षक पंटसाठी टाळ्या वाजवू लागले. तरीही संघाने दहा सामने जिंकले, कारण फिल पार्कर यांच्या डिफेन्सने सामन्यामागे १५ च्याही आत गुण दिले. ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगाम सुरू असतानाच, ब्रायन पुढच्या वर्षी नसतील असे विद्यापीठाने जाहीर केले.

यातला कोणता भाग कोऑर्डिनेटरचा होता? क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा सप्टेंबरच्या अखेरीस गेला. ल्यूक लेची आणि एरिक ऑल हे दोन्ही चांगले टाइट एंड (लाइनशेजारून अडवणारे आणि पासही झेलणारे) दुखापतीने बाहेर गेले. हे कोणत्याही कोऑर्डिनेटरच्या हातात नव्हते. परंतु दुखापतींच्या आधीच्या हंगामातही ऑफेन्स देशात जवळजवळ तळाला होता, आणि ते मात्र केवळ दुर्दैव नव्हते. हा फरक कोणत्याही संघाबाबत करावा लागतो आणि तो करायला वेळ लागतो.

जानेवारी २०२४ मध्ये टिम लेस्टर आले. वेस्टर्न मिशिगनचे हेड कोच म्हणून सहा वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाबरोबर, असा त्यांचा अनुभव होता. अपेक्षा अशी होती की आता आयोवा पास टाकेल. सलामीचा सामना इलिनॉय स्टेटशी होता. मध्यांतराला गुणफलक ६-० होता आणि सगळे काही पूर्वीसारखेच आहे असे लोक म्हणू लागले. सामना ४०-० ने संपला. पूर्ण हंगामात १३ सामन्यांत ३६० गुण झाले, सरासरी २७.७. एका वर्षात सामन्यामागे बारा गुणांची भर पडणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्याने त्याचे श्रेय लेस्टरना दिले नाही त्याने अन्याय केला असे मी म्हणेन.

पण त्या २७.७ च्या आत काय आहे ते पाहा. पाच सामन्यांत ४०, ३८, ४०, ४० आणि ४२ असे मिळून २०० गुण झाले. उरलेल्या आठ सामन्यांत १६०, म्हणजे सरासरी २०. ओहायो स्टेटविरुद्ध सात, यूसीएलएविरुद्ध १७, आणि नेब्रास्काविरुद्ध १३-१० असा विजय, तोही शेवटच्या क्षणी ५३ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलवर. आणि पासिंग? ते देशात तळाजवळच राहिले, सामन्यामागे १३० यार्डांच्या आसपास. सुधारणा झाली ती धावण्यात. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी खेळाडूंची हालचाल वाढली, डिफेन्सला क्षणभर थांबून विचार करावा लागू लागला, आणि केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड आणि २१ टचडाउन धावून काढले. क्वार्टरबॅक मात्र मॅकनमारा, ब्रेंडन सुलिव्हन, जॅक्सन स्ट्रॅटन असे दुखापतींमुळे बदलत राहिले. आयोवाने २०२५ साठी साउथ डकोटा स्टेटचा मार्क ग्रोनोव्स्की आणला. त्या ७-३ च्या सामन्यात समोरच्या बाजूने खेळलेला क्वार्टरबॅक तोच होता. क्वार्टरबॅकचा प्रश्न प्लेचे नवे पुस्तक आणून सुटत नाही, त्यासाठी माणूस आणावा लागतो, हे त्यांनी ओळखले.

म्हणून माझे ठाम मत असे की पहिल्या वर्षी कोऑर्डिनेटरचा हात धावण्यात, शिस्तीत आणि थर्ड डाउनला उरलेल्या अंतरात दिसतो. पासिंगमध्ये तो उशिरा दिसतो. याचे कारण सरावात आहे. कॉलेज संघाला वसंत ऋतूत १५ सराव मिळतात, मग ऑगस्टचे शिबिर, आणि हंगामात खेळाडूंचा वेळ आठवड्याला २० तासांवर नेता येत नाही. एका प्लेच्या नावात मांडणी, हालचाल, लाइनने कोणाला अडवायचे आणि कोणी कोणत्या मार्गाने धावायचे एवढे सगळे कोंबलेले असते. नव्या माणसाबरोबर ही सगळी भाषाच बदलते. जी गोष्ट खेळाडू तीन वर्षे एका नावाने ओळखत होता ती आता दुसऱ्या नावाने ऐकायची, आणि तीही स्नॅपला काही सेकंद उरले असताना. २०२४ पासून कॉलेजमध्येही एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो, पण प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचे सगळे क्वार्टरबॅकच्या डोक्यात असावे लागते.

हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. माझ्याकडे ऑफेन्स आला त्या वर्षी मी जवळजवळ चाळीस प्ले शिकवायला घेतले. फळ्यावर मुले बरोबर उत्तरे देत होती, म्हणून मी समाधानी होतो. पहिल्या तीन सामन्यांत आमच्या लाइनमधली मुले स्नॅपनंतर एक पाऊल उशिरा निघत होती, कारण ती आठवत होती, खेळत नव्हती. चौथ्या आठवड्यात मी अर्ध्याहून अधिक प्ले काढून टाकले. गॅलरीतून पालक ‘प्ले-कॉलिंग बदला’ म्हणून ओरडत होते. प्ले चुकीचा नव्हता, तो शिकवण्याचे माझे वेळापत्रक चुकीचे होते. गॅलरीतून हे दोन्ही सारखेच दिसते, आणि त्याबद्दल मी पालकांना दोष देत नाही.

आणखी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती सर्वांत कमी बोलली जाते: हेड कोच काय करू देतो. आयोवात लेस्टर आले तरी चौथ्या डाउनला प्ले खेळायचा की पंट करायचा, आघाडी असताना घड्याळ चालू द्यायचे की नाही, हे कर्क फेरेन्झच ठरवत होते. आपल्या संघाचा हेड कोच तोच असेल, तर त्याने आधीच्या कोऑर्डिनेटरला थर्ड डाउनला दोन यार्ड हवे असताना काय करू दिले होते ते आठवून पाहा. हेड कोचही नवा असेल तर गोष्ट वेगळी. मग बदल मोठा आणि पहिल्या वर्षाचा गोंधळही मोठा असू शकतो.

तेव्हा अपेक्षा ठरवण्याआधी आपल्या संघाबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात. ऑफेन्सिव्ह लाइनमधील पाचांपैकी किती जण परत येत आहेत? क्वार्टरबॅक तोच आहे, नव्या कोऑर्डिनेटरबरोबर ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेला आहे, की पहिल्यांदाच खेळणारा? आणि प्ले कोण पुकारणार, कोऑर्डिनेटर की हेड कोच? माझ्या अंदाजाने, लाइनमधील तीन-चार जण आणि क्वार्टरबॅक तेच असतील तर १९ वरून २४ ते २६ पर्यंत जाणे हे चांगले पहिले वर्ष होय. कोऑर्डिनेटरने स्वतःचा अनुभवी क्वार्टरबॅक सोबत आणला असेल तर २८ देखील शक्य आहे. लाइन नवी आणि क्वार्टरबॅक नवा असेल, तर २१ गुणांतही खरी सुधारणा लपलेली असू शकते. आयोवासारखी बारा गुणांची उडी होते, पण तिथे खाली जाण्यासारखे फार काही उरलेच नव्हते, आणि हातात जॉन्सनसारखा धावणारा होता.

मत कधी बनवावे? पहिल्या दोन सामन्यांत गुण पाहूच नका. त्यांतला एखादा प्रतिस्पर्धी बहुधा खूपच कमकुवत असतो आणि तिथले ४० गुण काही सांगत नाहीत. त्याऐवजी संघ किती वेगाने रांगेत उभा राहतो ते पाहा. प्ले-क्लॉक संपल्यामुळे किती टाइमआउट वाया गेले, स्नॅपच्या आधीचे दंड किती झाले, हे कागदावर लिहून ठेवा. हे आकडे दुसऱ्या सामन्यापासून चौथ्या सामन्यापर्यंत कमी होत गेले तर शिकवणी खेळाडूंपर्यंत पोहोचत आहे असे समजावे. पाचव्या सामन्यानंतरही ते तसेच राहिले तर काळजी करायला खरोखर जागा आहे.

चौथ्या सामन्यापासून थर्ड डाउनकडे लक्ष द्या. यश मिळाले की नाही यापेक्षा किती यार्ड हवे होते ते महत्त्वाचे. आम्ही चित्रीकरण तपासताना पहिल्या डाउनला लागणाऱ्या अंतराचा निम्मा भाग आणि दुसऱ्याला उरलेल्याच्या सत्तर टक्के मिळाले तरच तो प्ले यशस्वी धरतो. गेल्या वर्षी सतत थर्ड डाउनला आठ-नऊ यार्ड हवे असायचे आणि यंदा चार-पाच हवे असतील, तर कोऑर्डिनेटर आपले काम करत आहे, मग त्या क्षणी रिसीव्हरच्या हातून चेंडू सुटला तरी. याच्या उलट, पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये सुंदर टचडाउन आणि त्यानंतर शांतता असे दर आठवड्याला होत असेल तर सावध व्हा. सुरुवातीचे सुमारे १५ प्ले आधी लिहून ठेवण्याची पद्धत व्यावसायिक फुटबॉलमधले प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी लोकप्रिय केली आणि आज बहुतेक जण ती वापरतात. कागदावरचे प्ले संपल्यावर, विशेषतः मध्यांतरानंतर, समोरच्या डिफेन्सने केलेल्या बदलाला काय उत्तर दिले जाते, यात कोऑर्डिनेटरची खरी परीक्षा असते.

आणखी एक खूण, जी मला व्यक्तिशः सर्वांत जास्त आवडते: एकाच मांडणीतून किती वेगवेगळे प्ले येतात ते पाहा. टाइट एंड डावीकडून उजवीकडे गेला आणि प्रत्येक वेळी उजवीकडेच धाव झाली, तर तिसऱ्या सामन्यापर्यंत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ते ठाऊक झालेले असते. सहाव्या-सातव्या सामन्यात त्याच हालचालीनंतर चेंडू डावीकडे किंवा हवेत गेला, तर आधीच्या सामन्यांत कंटाळवाणे वाटलेले प्ले त्यासाठीच पेरले होते हे लक्षात येईल. मुलाबरोबर सामना पाहताना हे शोधण्यात फार आनंद आहे.

माझे स्वतःचे मत मी आठव्या सामन्यानंतर बनवतो, आणि तेही दर ड्राइव्हमागे किती गुण झाले यावरून, कमकुवत प्रतिस्पर्धी आणि निकाल लागून गेलेली शेवटची मिनिटे वगळून. पासिंगबद्दलचे मत मी दुसऱ्या हंगामाच्या मध्यापर्यंत राखून ठेवतो. आपल्या संघाच्या लाइनमधले किती जण परत येत आहेत आणि क्वार्टरबॅक कोण आहे हे कळवलेत, तर वर दिलेल्या तीन आकड्यांपैकी आपल्याला कोणता लागू पडतो ते अधिक नेमकेपणाने सांगता येईल.